शंभर टक्के जतन

कारागांडाच्या बॉयलरघरातला तीन नंबरचा पंप सोमवारी सकाळी नुसता घुमला, फिरला नाही. शहरातली घरं त्या दिवसापासून गरम करायची होती आणि चार वाजता तपासणीवाले येणार होते. तो पंप सांभाळणारे तोलेगेन आगा वसंतात निवृत्त झाले होते. ‘त्यांचा अनुभव शंभर टक्के जतन केला’ या कागदावर इंजिनियर शोल्पानची सही होती.

“फाइल काढ,” संचालक मदियार म्हणाला.

फाइलमध्ये आगांचा निरोपसमारंभातला फोटो होता.

“आगांनाच बोलाव. नाहीतर चार वाजता मी तुझी सही दाखवणार.”

आगा दहाला आले. मदियारने चहाच्या नव्या यंत्राखाली वाडगी धरली आणि काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिली. आगांनी ती उभ्याउभ्याच संपवली, टोपी चढवली आणि ते निघून गेले.

“हे काय?”

“साहेब, भरून दिलीत! म्हणजे प्या आणि चालते व्हा. माझ्या आजीने असा चहा फक्त विमा एजंटला दिला होता.”

शोल्पानने आगांना बसथांब्यावर गाठलं. “चूक झाली, आगा. परत चला ना.”

“राहू दे, पोरी. इतकं स्पष्ट तर कोणी तोंडानेही सांगत नाही.”

तरी ते आले. आता शोल्पान स्वतः ओतू लागली, अर्धी वाडगी, मानाची. आगा ऐसपैस बसले. धाकट्या मुलाचं लग्न झालं, मेहुण्याचं ऑपरेशन झालं. वडीलधाऱ्यांना मध्येच तोडायची पद्धत नाही, त्यामुळे मदियार टेबलाखाली घड्याळ बघत होता. सव्वातीनला आगा सत्त्याऐंशी साली घेतलेल्या घोडीपर्यंत पोचले.

“आगा, माफ करा,” शोल्पान म्हणाली, “पंप!”

“अगं, मग आधी बोलायचंस ना!”

ते पंपापाशी गेले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. “उस्ताद, तीन नंबर रुसलाय... हो, डावीकडचा... हलकेच... बरं.”

चाराला दहा कमी असताना पंप फिरला.

“दरवेळी त्यांनाच विचारता?” शोल्पानने विचारलं.

“मग? ते चौऱ्याण्णव साली निवृत्त झाले. त्यांचा अनुभव मीच जतन केलाय. सही आहे माझी.”

शोल्पानने फाइलमध्ये उस्तादांचा फोन नंबर लिहिला. मग जरा विचार करून त्याखाली त्यांच्या डॉक्टरांचा.