लाडकूशेठच्या घरचा हसरा नाश्ता

माणसाच्या आरोग्याला सर्वांत मोठा धोका चवीपासून असतो. कोन गावच्या लाडकूशेठना हे सत्य शेतात गोदामं उभी राहिली आणि रक्तात साखर सापडली, त्या एकाच वर्षी कळलं.

सून हेमालीने तातडीने पावलं उचलली. तळण बंद झालं. मोड आलेल्या मुगाची कटलेटं, नाचणीची बिस्किटं, दुधीचा ढोकळा (ढोकळ्याशी संबंध फक्त नावापुरता) असे पदार्थ घरच्या घरी होऊ लागले. पदार्थ उत्तमच, फक्त गिळताना माणूस पुरता शुद्धीवर असून चालत नसे. ती बाजू मुलगा भावेशने सांभाळली. तो इंटरनेटवरून विनोदी पॉडकास्ट उतरवून घेई (वीस मिनिटांच्या विनोदाला दोन तास लागत, चांगल्या कामाला वेळ लागतोच) आणि खाताना स्पीकरवर लावी. भाषा इंग्रजी, त्यामुळे कुणाच्या भावना दुखावत नसत. त्यातली माणसं हसली की घराने हसायचं आणि हसता हसता घास ढकलायचा, इतकी सुटसुटीत पद्धत. महिन्याभरात शंभर टक्के घर आनंदी झालं. (उरलेले नाक्यावर जाऊन समोसे खात.)

शेठची बायको गुणाबाई मात्र हसण्यात जरा मागे पडे. तिला धाकट्या लेकीचा, क्षितिजाचा घोर. पोर बी.कॉम. झालेली, पण आलेली स्थळं परत जात. (जाताना ती इतकी हसत जात, की नकार कळायला पंधरवडा लागे.)

त्या रविवारी अंबाडीहून चांगदेव आणि धोंडूबाई आपल्या मुलासाठी पोर बघायला आले. स्पीकर सुरू झाला. धोंडूबाईंनी कटलेट हुंगलं.

"तेल न्हाय वाटतं?"

"थेंबसुद्धा नाही, काकी!" हेमाली म्हणाली.

"मंग घरात आजारी कोन हाय?"

पॉडकास्ट हसला. सगळे हसले. धोंडूबाईही हसल्या, पद्धत त्यांना लगेच जमली.

चांगदेवांनी विचारलं, "पोरी, लग्नानंतर काय करायचा विचार हाय?"

क्षितिजाने मान वर केली. जे तिने आईलाही सांगितलं नव्हतं, ते बोलली.

"गोदामातल्या हमालांना दुपारी धड काही खायला मिळत नाही, काका. मला नाक्यावर वड्यांची गाडी टाकायचीय. वडे मी तळणार, हिशेबपण मीच बघणार."

नेमका तेव्हाच पॉडकास्टमधला जमाव खो खो हसला. शेठ हसले, भावेश हसला, पाहुणे हसले. गुणाबाईही हसली.

आणि लोडशेडिंगच्या वेळापत्रकाला जागून वीज गेली.

घरात कटलेट चावल्याचा आवाज तेवढा उरला.

"आई, तूपण?"

काठोकाठ भरलेली घागर न्यावी, तशी डोळ्यांतलं सांडू न देता लेक उठून आत गेली. आतून कडी लागली.

"खरंच बोलत व्हती व्हय ती?" धोंडूबाई खजील झाल्या. "घरचीच हसली, म्हनून आमी हसलो वो."

"पोर कामाची हाय," चांगदेव चपला घालत म्हणाले, "पन आता इचारायचं कुठल्या तोंडानं?"

गुणाबाई बंद दाराशी उभी राहिली. "क्षिते, दार उघड गो," म्हणत राहिली. बाहेर घराची बैठक बसली आणि सगळा दोष विजेचा ठरला. सोमवारी इन्व्हर्टर आला. हसण्यात पुन्हा खंड पडलेला नाही. क्षितिजा आता कुणी काही विचारलं तर "काही नाही" म्हणते, आणि हे उत्तर सगळ्यांना सोयीचं वाटतं.

वाचकांसाठी या कथेत हसण्याचा आवाज भरलेला नाही. गरजही नव्हती, वड्यांच्या गाडीपाशी तुम्ही आपणहून हसलात.