बास, सहा नग

मासे मिळणं हा नशिबाचा भाग आहे असं जे म्हणतात, त्यांनी कधी नीट नियोजन केलेलं नसतं. हे वाक्य मी आमचा प्लँट मॅनेजर डोनल याच्या केबिनमध्ये उभ्या उभ्या बोललो. तेव्हा माझ्याकडे ना गळ होता, ना मासा, ना या दोन्हींपैकी कशाचा अनुभव. जुलै २००३ होता. बाहेर आयर्लंडचा उन्हाळा चालू होता, म्हणजे पाऊस तिरपा न येता सरळ येत होता.

मी तेव्हा अ‍ॅथलोनच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनर होतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या बारीक नळ्या आम्ही बनवत असू. मी मूळचा मिरजेचा आणि जन्मापासून शाकाहारी. दातांच्या डॉक्टरकडची काचेची टाकी सोडली, तर माशांशी माझा फारसा परिचय नव्हता. पण डोनलचा असा समज होता की भारतातून आलेला माणूस समुद्रकाठचाच असणार. मिरजेहून समुद्र पावणेदोनशे किलोमीटर आहे. तेवढ्या अंतरात त्याचा देश जवळजवळ संपतो, त्यामुळे मी त्याचा समज मोडला नाही.

प्रसंग असा होता. कंपनीचा अमेरिकेतला मोठा साहेब, डेल, दोन दिवसांसाठी येणार होता. नळ्यांची नवी लाइन कुठे टाकायची हे तो ठरवणार होता. ती अ‍ॅथलोनला आली तर तिचा प्रमुख मी, हे डोनलने मला शब्द देऊन सांगितलं होतं. आली नाही तर माझं कंत्राट तीस सप्टेंबरला संपत होतं, हे मात्र शब्द न देता कागदावर लिहिलेलं होतं. या डेलला जगात एकच गोष्ट मनापासून आवडते अशी बातमी होती. उन्हाळ्यात मोठ्या तळ्यावर जाऊन बास नावाचा मासा पकडणं. मीटिंगमध्ये सगळे आपापले बूट बघू लागले. मी म्हणालो, माझ्यावर सोडा.

त्या रात्री मी इंटरनेटवर ‘उन्हाळ्यात मोठ्या तळ्यावर बास’ असं इंग्रजीत टाकलं आणि एक पान माझ्यापुढे उघडलं. बारा पानांचा मजकूर! पाण्याची खोली, सकाळची सावली, कुठला गळ, कुठला वारा, सगळं होतं. मी ते छापलं. मजकुरात अमेरिकेतल्या कुठल्याशा तळ्याचं नाव होतं तिथे तिथे आमच्या गावाला लागून असलेल्या लॉक री या तळ्याचं नाव घातलं. तेवढाच एक फरक करायला हवा असं मला प्रामाणिकपणे वाटलं. पान चारवर नौका बांधायच्या धक्क्याचं एक रंगीत चित्र होतं, ते शोभेसाठी राहू दिलं. स्पायरल बाइंडिंग केलं आणि पुढे कार्यक्रमपत्रिका जोडली: ‘१०:०० ते १२:००, बास, सहा नग. १२:१५, सँडविच.’ डोनलने ते अमेरिकेला पाठवलं. डेलचं उत्तर आलं की पान चार विशेष आवडलं.

आता होडीवाला ठरवायचा राहिला. नोएल साठीचा होता. त्याच्या चार होड्या होत्या, आणि आमच्या वस्तीपासून गाडीने दहा मिनिटांवर तळ्यात गेलेला एक लाकडी धक्का होता. सोमवारी मी त्याला फाइल दिली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली. माझं कुठलंही कागदपत्र शेवटपर्यंत वाचणारा तो पहिला माणूस.

“इथे बास नाहीत,” तो म्हणाला.

मी विचारलं, या मोसमात नाहीत का? तो म्हणाला, कुठल्याच मोसमात नाहीत. आयर्लंडच्या कुठल्याही तळ्यात नाहीत. समुद्रात असतात, पण ते वेगळे. मग या तळ्यात आहे तरी काय? त्याने बोटांवर मोजून सांगितलं. त्यातला त्यात लोकांना खूश करणारा म्हणजे ब्रीम. ताटाएवढा, चपटा, आणि चेहऱ्यावरून कायम कुणीतरी अपमान केल्यासारखा दिसणारा मासा. पण ब्रीम काही बोलावल्यावर येत नाहीत. एकाच जागी, एकाच वेळी, दोन-तीन आठवडे रोज खायला टाकत राहायचं, तेव्हा ते सवयीने जमतात. साहेब कधी येतोय? मी म्हटलं, गुरुवारी.

“ग्रँड,” नोएल म्हणाला.

आयर्लंडमध्ये या शब्दाचा अर्थ उत्तम, ठीक, चालेल किंवा आता मी घरी जातो, यांपैकी काहीही होतो. तो घरी गेला.

मीही घरी गेलो. तिथे चित्रा, म्हणजे माझी बायको, रिकामी पिशवी घेऊन दारात उभी होती. गव्हाचं पीठ पुन्हा संपलं होतं. आमच्या पोळ्यांचं पीठ ल्यूकन नावाच्या लांबच्या गावातल्या भारतीय दुकानातून दहा-दहा किलोंनी येई आणि महिनाभर पुरे. या महिन्यातली ही दुसरी पिशवी. “तुझ्या आईच्या माशांनी खाल्लं,” ती म्हणाली.

आई मे महिन्यात मिरजेहून तीन महिन्यांसाठी आली होती. तिथे ती कृष्णेच्या घाटावर माशांना कणीक घालते. इथे आल्यावर घाट नाही म्हणून दोन दिवस उदास होती. तिसऱ्या दिवशी तिने तळं शोधून काढलं, आणि जुलै लागताच एकवीस दिवसांचा नेम धरला. रोज हळद घालून कणीक मळायची, एकशे आठ गोळे करायचे आणि साडेदहाच्या ठोक्याला नोएलच्या धक्क्यावरून पाण्यात सोडायचे. चित्राला तेव्हा कामाचा परवाना नव्हता, त्यामुळे गाडी चालवायची नोकरी तिच्याकडे होती. नेम कशासाठी आहे हे आईने सांगितलं नव्हतं. पुरा होईपर्यंत सांगायचं नसतं. पण एकुलत्या एका मुलाची बढती डोक्यावर असताना आई दुसरं काय मागणार? मी मनातल्या मनात तिचे आभारही मानून ठेवले होते.

दारात पिशवीकडे बघता बघता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत जाऊन आईला विचारलं, आज कितवा दिवस? अठरावा. मग गुरुवारी एकविसावा. आणि मासे येतात का?

“येतात की,” आई म्हणाली. “गोठ्यातल्या म्हशी वैरणीची वाट बघतात तसे उभे असतात, दहापासनंच. एकाच्या शेपटीला खाच आहे. तो लाजतो, म्हणून त्याला शेवटी घालते.”

मला क्षणभर वाईट वाटलं. मग तीस सप्टेंबर आठवला आणि वाईट वाटणं थांबलं. मी चित्राला म्हटलं, फक्त गुरुवारी आईला संध्याकाळी ने, सकाळी तिथे ऑफिसचं काम आहे. ती म्हणाली, हे तूच सांग. मी म्हटलं, तू सांग, तुझं ती ऐकते. चित्राने यावर मान हलवली. या मान हलवण्याचा अर्थ ‘बरं’ असा नव्हता, हे मला बारा वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी आई पूजेला बसली असताना मी तिच्या डब्यातली मूठभर कणीक उचलली. नोएलचं म्हणणं होतं की मासा ज्या चवीला चटावला तेच गळाला लावायचं.

दहाला आम्ही धक्क्यावर होतो. डेल सव्वासहा फूट उंच, स्वतःची गळाची काठी नळकांड्यात घालून आणलेला. डोनल सूटमध्ये आणि कुणाच्या तरी उसन्या गमबुटांत. नोएलने खुर्च्या मांडल्या, पाण्यात एक लांब जाळी सोडली, आणि कणीक हुंगून माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने बघितलं. पकडलेला मासा त्या जाळीत ठेवायचा आणि शेवटी सगळे परत सोडून द्यायचे, ही तिथली रीत. जे खायचेच नाहीत ते पकडायचे कशाला, हा प्रश्न मी शाकाहारी असूनही विचारला नाही.

दहा वाजून तीन मिनिटांनी पहिला ब्रीम आला. दहा सातला दुसरा. मग मात्र ते टोकन घेऊन रांगेत उभे असल्यासारखे येऊ लागले. दहा पंचविसाला सहावा जाळीत पडला. सहा नग, वेळेच्या एक तास पस्तीस मिनिटं आधी! डोनलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात नवी लाइन होती, निदान मला तशी जाणवली.

डेलने सहावा मासा हातात धरून उलटसुलट केला होता. “हा बास नाही,” तो आता म्हणाला.

मग नोएल तळ्याकडे बघत शांतपणे म्हणाला, “इथला पाऊस असा आहे, त्याने त्यांचे चेहरे बदलतात.”

यावर डेल काय म्हणाला असता ते आम्हाला कळलं नाही, कारण मागे गाडीचं दार वाजलं. साडेदहा.

आई धक्क्यावरून चालत आली. नऊवारीवर माझा जुना रेनकोट, पायात चित्राचे पांढरे बूट, हातात स्टीलचा डबा. मागे चित्रा, आणि तिच्या चेहऱ्यावर नाटकाचं तिकीट काढून आलेल्या माणसाचं समाधान. आईने आधी मला पाहिलं, मग गळ पाहिले, मग जाळीत वाकून पाहिलं. ती बराच वेळ वाकलेली होती.

“नंदू,” ती म्हणाली, “काय करालायस रे हे?”

मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे.

“खाच असलेला आहे ह्यात.”

डेलने विचारलं, या बाई काय म्हणतात? मी सांगू लागलो की ही भारतातली स्वागताची एक जुनी पद्धत आहे. तेवढ्यात चित्रा पुढे झाली. चित्राचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि त्या दिवशी ते गरजेपेक्षा चांगलं होतं. तिने डेलला सगळं सांगितलं. हे मासे यांचे आहेत. गेले वीस दिवस याच वेळी, याच जागी, रोज एकशे आठ गोळे. आज निघताना गोळे केले तर शहाण्णवच भरले, म्हणून यांनी वाटेत गाडीत बसून पीठ मळून बारा नवे केले. कमी पडलेली कणीक, ती पाहा, तुमच्या गळाला आहे. हळद ओळखू येते.

नोएलने कुणालाही न विचारता जाळी उलटी केली. सहाच्या सहा ब्रीम पाण्यात गेले. डोनलने डोळे मिटले.

डेल मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकला होता. “रोज एकशे आठ? मोजतं कोण?”

चित्राने विचारून सांगितलं की आईच मोजते. एकदा करताना, एकदा डब्यात भरताना, एकदा सोडताना.

“आणि एखादा कमी पडला तर?”

आईने रेनकोटच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर वीस रेघा होत्या, प्रत्येक रेघेपुढे वेळ आणि आकडा. नवव्या दिवशी एक गोळा धक्क्यावर पडून कुत्र्याने खाल्ला होता. त्याची नोंद होती, आणि बदली गोळा किती वाजता केला त्याचीही. डेल उपड्या बादलीवर बसला आणि तो कागद त्याने दोनदा वाचला. आदल्या दिवशी त्याने आमच्या कारखान्यातले बॅच रेकॉर्ड, म्हणजे मालाच्या प्रत्येक खेपेच्या नोंदी, तपासले होते. त्यांत तीन ठिकाणी सह्या नव्हत्या आणि एका ठिकाणी चहाचा डाग होता.

“या कुठल्या?” त्याने मला विचारलं. “आणि यांच्यासारखी माणसं तिथे किती असतील?”

आठवडाभरात पहिल्यांदाच मी काहीही न छापता, न चिकटवता उत्तर दिलं. “घरटी एक,” मी म्हणालो.

आईने त्याला टोपी काढायला लावली आणि ओंजळीत गोळे दिले. सव्वासहा फुटांचा तो माणूस मोठ्याने मोजत एकेक गोळा पाण्यात सोडत होता. त्र्याऐंशीला चुकला, तर आईने त्याला ऐंशीपासून पुन्हा सुरू करायला लावलं. शेवटचा गोळा खाच असलेल्याला. तो आला. डेलने माझ्याकडे वळून हळूच म्हटलं, “तुमच्या फाइलमधलं पान चार. त्या चित्रातली डावीकडून तिसरी बोट माझी आहे.”

मग आम्ही सँडविच खाल्ली. वेळेवर.

पंधरा दिवसांनी ईमेल आली. नवी लाइन पुण्याजवळ टाकायची ठरली होती, आणि प्रमुख म्हणून माझं नाव होतं. डोनलने ती छापून माझ्या टेबलावर ठेवली. “तुला मासे आणायला सांगितलं होतं,” एवढंच तो म्हणाला. मग कपाट उघडून त्याने माझी स्पायरल बाइंडिंगची फाइल परत दिली. निरोपसमारंभाला तो आला, पण केक न खाता गेला. कसा आहेस विचारलं तेव्हा म्हणाला होता, ग्रँड.

ईमेल आली त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं की तुझ्या नेमाला फळ आलं, बढती मिळाली. ती बॅग भरत होती. तिला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

“बढती कोण मागालंय?” ती म्हणाली. “पोरगं परत येऊ दे म्हटलं होतं.”

आता आम्ही पुण्यात असतो. पुण्याहून मिरज गाडीने पाच तास. आईला ते अंतर फार वाटतं, असं ती एकदा बोलली होती. नंतर बोलली नाही. परवा मिरजेला गेलो, तर स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर नवा कागद चिकटवलेला दिसला. त्यावर अकरा रेघा झालेल्या होत्या.

नेम पुरा होईपर्यंत विचारायचं नसतं. पुण्याला परतल्यावर फक्त मिरजेजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या मोकळ्या जागांची यादी मागवून ठेवली. आपलं नियोजन तयार असलेलं बरं.