सरांचा डावा पाय

कवायतीच्या सरांनी सिस्टरला सांगितलं, "डावा." सिस्टरने पेनने त्यांच्या डाव्या पोटरीवर ठळक बाण काढला आणि तिथेच घोळ झाला.

कारण दुखत होता उजवा. दोन वर्षं त्या पायात कमरेपासून टाचेपर्यंत कळ जायची. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं तरी वाटेत कुणाच्या तरी कठड्यावर टेकावं लागायचं. ज्यांनी अख्खी शाळा पळवली, त्यांना याचं रडू यायचं. आता कमरेतून बारीक सुई घालून ती ठणकणारी नस शांत करायची होती. कापाकापी नाही, संध्याकाळी घरी. तपासणीत दोन्हीकडच्या नसा दबलेल्या दिसल्या होत्या, तेव्हा दुखरी बाजू कोणती हे सरांनीच सांगायचं होतं.

आणि सरांची तिथेच बोंब होती. जन्मभर पोरांकडे तोंड करून उभं राहायचं, तोंडाने "डावा वर" म्हणायचं आणि स्वतःचा उजवा उचलायचा, म्हणजे समोरच्यांना आरशासारखं दिसतं. निवृत्त झाले तरी ही खोड गेली नव्हती.

"अहो, माझ्याकडून रोज दाबून घेता तो हा ना?" बायकोने उजव्या पायावर हात ठेवला.

"तोच. डावा."

"हा उजवा आहे."

"मला शिकवतेस? डावं-उजवं शिकवून पेन्शन खातोय मी."

सिस्टरने नवरा-बायकोच्या भांडणात न पडता दुसऱ्याही पोटरीवर बाण काढला.

मास्क लावलेले डॉक्टर आले, दोन बाण बघून थबकले, मग सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "सर, जरा खाली उतरा. वर्गासमोर उभे राहायचात तसे. हं, डावा वर."

सरांची पाठ आपोआप ताठ झाली. उजवा पाय उचलला गेला आणि अशी कळ आली की त्यांनी सिस्टरचा खांदाच धरला.

"उजवी बाजू घ्या," डॉक्टर सिस्टरला म्हणाले.

"तू आमच्या शाळेतला?" सरांनी विचारलं.

"शेवटच्या रांगेतला. तुम्ही उजवा उचलायचात म्हणून मीही उजवाच उचलायचो. मग तुम्ही म्हणायचात, पाय चुकला, मैदानाला एक फेरी."

सर असे ओशाळले, की सुई आत जाऊन बाहेर आली तरी त्यांनी उशीतून तोंड वर काढलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांना खोलीत चालवून बघितलं. "कळ?"

"नाही." सरांनी आणखी दोन पावलं टाकून बघितली. "नाही रे, खरंच नाही."

"मग घरी जा. पण आज पाय चुकीचा सांगितलात. त्याला शिक्षा काय असायची?"

सरांनी मान खाली घातली. "मैदानाला एक फेरी."

"आठवड्याने मारा. सावकाश."

सर दारापर्यंत गेले, घुटमळले आणि हळूच वळून म्हणाले, "दोन मारल्या तर चालतील?"