निष्ठेचा रकाना

वॉर्ड क्रमांक चौदाच्या नगरसेवकांनी एका रविवारी दुपारी आइस्क्रीम खाल्लं. आइस्क्रीम खाण्यास कायद्यात मनाई नाही. परंतु कप एक होता, चमचे दोन होते, आणि दुसरा चमचा ज्यांच्या हातात होता त्या त्यांच्या पत्नी नसून बाजारपेठेतल्या दंतवैद्य बाई होत्या. समोरच्या दुकानातून कुणीतरी फोटो काढला. सोमवारी सकाळी तो वॉर्डातल्या प्रत्येक मोबाइलवर हजर होता.

नगरसेवक तसे कामाचे. त्यांच्या कारकिर्दीत गटारं उपसली गेली, रस्त्यावरचे दिवे रात्री लागून दिवसा विझू लागले (पूर्वी उलट असे), आणि सरकारी दवाखान्यात चक्क डॉक्टर बसू लागले. पण निवडणूक दोन महिन्यांवर आली होती, आणि उपसलेल्या गटाराचा फोटो कोणी कोणाला पाठवत नाही.

नागरिक दक्षता समितीची तातडीची सभा भरली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. "ज्याला एका बाईला दिलेला शब्द पाळता येत नाही," ते गरजले, "तो बारा हजार मतदारांना दिलेला शब्द काय पाळणार?"

"पण सर, रस्त्यावरचे दिवे तर त्यांनीच लावले," मागून कोणी तरी म्हणालं.

"म्हणून घरात असले दिवे लावायचे?"

टाळ्या पडल्या. उमेदवाराची वैवाहिक निष्ठा जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे, असा ठराव करून तो निवडणूक कार्यालयाकडे पाठवण्यात आला.

कार्यालयात तो हेडक्लार्कच्या टेबलावर आला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हेडक्लार्क एक गोष्ट शिकले होते: कुठलाही प्रश्न सोडवता येत नसेल तर त्याचा नमुना छापावा. त्यांनी 'नमुना सात-अ' तयार केला. रकाना चार असा होता: "विवाहबाह्य स्नेहसंबंध असल्यास संख्या नमूद करावी, नसल्यास 'निरंक' लिहावे."

पाचही उमेदवारांनी 'निरंक' लिहिलं. नगरसेवकांनीही लिहिलं, जरा घाईघाईत.

समितीने हरकत घेतली. चोरालाच विचारायचं का, चोरी केलीस का म्हणून? हरकत रास्त होती. नमुन्यावर जोडीदाराची सही आवश्यक करण्यात आली, आणि कार्यालयात जोडीदारांची रीघ लागली.

एका उमेदवाराच्या पत्नीने, सासूबाई आधी धाकट्या दिरांकडे जातील तरच सही करीन, अशी अट घातली. दीर कबूल होईनात, उमेदवाराने माघार घेतली. दुसऱ्या पत्नीने "माझ्या माहितीप्रमाणे निरंक" असं लिहिलं. कार्यालयाने माहितीचा तपशील मागवला, तिने तो गोळा करायला घेतला, आणि तोही उमेदवार गळाला. एका महिला उमेदवाराच्या यजमानांनी न वाचताच सही ठोकली. "लग्नाच्या वेळीही यांनी असंच केलं होतं," असं म्हणून बाईंनी स्वतःच अर्ज परत घेतला.

शेवटी नगरसेवकांच्या पत्नी आल्या. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी. हेडक्लार्कनी नमुना पुढे सरकवला.

"ताई, इथे फक्त सही."

त्यांनी नमुना सावकाश वाचला. "भाऊसाहेब, मी खोटं लिहिणार नाही. आणि खरं काय ते तुम्हाला सांगणार नाही."

"पण मतदारांना हक्क आहे ना..."

"गेल्या निवडणुकीत आमच्या जोडीचा फोटो चौकाचौकात लावला होता. तेव्हा त्यांनी तो दाखवला, तुम्ही बघितलात. मला कोणी विचारलं होतं? आता चमचे मोजताय. माझं भांडण माझ्या घरात आहे. तिथे बारा हजार माणसं मावत नाहीत."

त्या उठून गेल्या. हेडक्लार्कना काही तरी बोलावंसं वाटलं, पण त्यासाठी नमुना नव्हता. सही नसल्याने नगरसेवकांचा अर्ज बाद झाला.

उरले एकच. निवृत्त गोदामपाल. त्यांच्या पत्नीने ठळक अक्षरात लिहिलं होतं: "हे कुठेच जात नाहीत. तीच तर तक्रार आहे." गोदामपाल बिनविरोध निवडून आले.

वर्षभरात गटारं तुंबली. दिवे पुन्हा दिवसा लागू लागले. दवाखान्यात डॉक्टरांची खुर्ची तेवढी नियमित हजर असे. शेवटी शिष्टमंडळ गोदामपालांच्या घरी गेलं. ते सोफ्यावर आडवे होते.

"माझ्या निष्ठेबद्दल काही तक्रार?" त्यांनी पडल्यापडल्या विचारलं.

"छे, छे! पण गटाराचं..."

"गटाराचा रकाना नमुन्यात होता का?"

नव्हता. शिष्टमंडळ नाक दाबून परत आलं. पुढे सभागृह दुसऱ्या मजल्यावर असल्याचं कळल्यामुळे गोदामपालांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला, आणि पोटनिवडणूक लागली.

या वेळी दोनच अर्ज आले. एक समितीच्या सचिवांचा. त्यांच्या पत्नीने रकान्याकडे न बघता नवऱ्याकडे बघत सही केली. दुसरा जुन्या नगरसेवकांचा. त्यांनी रकाना चारमध्ये लिहिलं होतं: "एक. संपुष्टात." खाली पत्नीची सही होती. हेडक्लार्कनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

"खरं लिहिलंय, म्हणून सही केली," त्या म्हणाल्या. "माफ केलंय असं कुठे लिहिलेलं नाही, तेही बघून घ्या."

अर्जासोबत नगरसेवकांनी एक हरकत जोडली होती. निष्ठेवरून निवाडा करणाऱ्याची स्वतःची निष्ठा तपासलेली असावी. सबब मतदारांकडूनही असाच नमुना भरून घ्यावा. हेडक्लार्कनी नियम चाळले. हरकतीत खोट सापडेना. 'नमुना सात-ब' छापायला गेला: प्रत्येक मतदाराने मतदानापूर्वी भरायचा, जोडीदाराच्या सहीसह.

एक प्रत त्यांनी घरी नेली. पत्नी मटार सोलत होती.

"आधी तुम्ही भरून दाखवा," ती म्हणाली.

हेडक्लार्क पेन काढून बसले. नाव, वय, पत्ता झाला. रकाना चारपाशी पेन थबकलं. वीस वर्षांपूर्वी कार्यालयात एक टायपिस्ट होती. तसं काहीच झालं नव्हतं. फक्त सहा महिने ते रोज एक स्टॉप आधी उतरून तिच्याबरोबर चालत गेले होते, आणि घरी बस उशिरा येते म्हणून सांगितलं होतं. याला संख्या किती धरायची? त्यांनी 'निरंक' लिहिलं.

"एवढा वेळ लागला?"

"शाई उतरत नव्हती."

"बॉलपेन आहे ते."

पत्नीने आणखी चार शेंगा सोलल्या. मग हात पुसून म्हणाली, "मलाही एक द्या. विचार करून भरते."

विचार करून म्हणजे काय, हे विचारायचं धैर्य त्यांना झालं नाही. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी आठलाच केंद्रासमोर रांग लागली. सर्वांत पुढे मुख्याध्यापक, शेजारी त्यांच्या पत्नी. नमुना हातात पडला. सरांनी तो वाचला, बायकोकडे पाहिलं आणि खिसे चाचपले.

"चष्मा घरी राहिला."

"डोक्यावर आहे," पत्नी म्हणाली.

"हा लांबचा. हे जवळचं प्रकरण आहे."

ते चष्मा आणायला गेले. त्यांच्यामागून सचिव गेले. मग कोणाला गॅस बंद केल्याचं आठवेना, कोणाकडे अचानक पाहुणे आले, कोणाच्या पोटात कळ आली. रांग अत्यंत शिस्तीत, मागच्या मागे विरत गेली. हेडक्लार्क कामावर होते. त्यांनी कर्तव्यावरील कर्मचाऱ्यांना मिळणारी सूट घेतली.

सायंकाळी पाचपर्यंत दोन मतं पडली होती. नगरसेवक येऊन गेले होते, आणि त्यांच्या पत्नी वेगळ्या रिक्षाने येऊन गेल्या होत्या. मोजणीत नगरसेवकांना एक मत निघालं. दुसरं 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाला पडलं होतं. मतदान गुप्त असल्याने कोणी कोणाला मत दिलं हे सांगता येत नाही. समितीच्या सचिवांना शून्य. ते स्वतःही चष्मा शोधून परतले नव्हते.

नगरसेवक एका मताने निवडून आले. आठवड्यात गटारं उपसली गेली. निकालाच्या दिवशी पेढीवर, दुकानात, जिन्यात सगळे एकमेकांना म्हणत होते, लोकांना नीतिमत्तेची काही चाडच उरली नाही.

आता एकच काम राहिलंय. नियमानुसार गैरहजर मतदारांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे कारण नोंदवावं लागतं, आणि ती यादी फलकावर लागते. बाकी सगळ्यांची कारणं भरून झाली आहेत. हेडक्लार्क तुमच्या नावापाशी थांबलेत. काय लिहू, म्हणून विचारतायत. जरा लवकर सांगा. तुमच्या घरून दोनदा फोन येऊन गेला.