खंडेनवमीची अंघोळ

लोखंड कापावं तर आकारामनं, तेही स्टुलावर बसून, डोळे मिटून. हे अर्थात त्याचंच म्हणणं. उद्यमनगरात बाळासो मालकांच्या वर्कशॉपात नवी बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरवणारी, बसून चालवायची करवत आली त्या वर्षीची ही गोष्ट. जुन्या हॅकसॉवर जन्मभर उभं राहून पाय सुजलेल्या सयाजीमामांचा त्या स्टुलावर डोळा होता. मालकांनी निकाल लावून टाकला : दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साखर कारखान्याचा शाफ्ट, तो जाडजूड लोखंडी दांडा, दुपारी बारापर्यंत कापून ट्रकात गेला, तर स्टूल आकारामचं, नाहीतर मामांचं.

खंडेनवमीला आकारामनं पातं उतरवलं. म्हशीला घालावी तशी त्याला अंघोळ घातली, एकेका दाताला हळदकुंकू लावलं आणि ते चाकांवर परत चढवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवाला मशीन सुरू झाली. एरवी खरखरणारी, आज रेशमासारखी सरसरत होती. पूजा पावली म्हणायची! पात्यावर ते थंड ठेवणारं पांढरं कूलंट ठिबकत होतं, थेट गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरच्या धारोष्ण दुधासारखं. आकारामचे डोळे जड झाले. शाफ्टची गुळाची ढेप झाली, ढेपेची फोड झाली, आणि तो स्टुलासकट रंकाळ्यावर तरंगू लागला. पाण्यावरनं मालक हात जोडून येत होते.

मधेच मामांनी हलवलं. चुरा कसा पडत नाही, विचारलं.

"पूजेचं पातं हाय मामा. घाण करत न्हाय," आकाराम म्हणाला आणि परत तरंगायला गेला.

बाराला ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. मालकांनी शाफ्ट बघितला. तो अखंड होता. फक्त पातं टेकलं होतं तिथं एवढा लखलखीत पट्टा, की मालकांना त्यात स्वतःची मिशी दिसली.

मामांनी पात्यावरनं बोट फिरवलं. "आकाराम, पात्याला अंघोळ घालून सदरा उलटा घातलास की रं. दातं मागं बघाय लागल्यात."

तीन तास पातं लोखंडाला नुसतं गोंजारत होतं.

"कापलं न्हाय खरं," आकाराम पुटपुटला, "पण पॉलिश बघा की."

मामांनी दात झिजलेलं पातं काढून नवं चढवलं, लखलखीत पट्टा सोडून शाफ्ट चार बोटं सरकवला आणि स्टुलावर बसले. मशीन खरखरू लागली. ट्रक चारला गेला.

कापून उरलेला तो लखलखीत तुकडा अजून हॅकसॉशेजारी आहे. आता तिथं उभा असणारा आकाराम त्यात बघून भांग पाडतो. कंगवा सुलटा धरलाय का, ते आधी दोनदा तपासून.