तिसऱ्या प्रणामाचा थेंब

गळती थांबवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या मिशिगनमध्ये कोणी नाही! घरातल्या नळाची नव्हे हो, तो माझी बायको जागृतीच दुरुस्त करते. मी वेपच्या, म्हणजे त्या विजेवरच्या सिगारेटच्या, पोटातल्या गळतीबद्दल बोलतोय.

बोटाएवढं यंत्र ते. वर इवलीशी टाकी, टाकीत गोडसर द्रव, खाली कापसाची वात आणि वातीला मिठी मारून बसलेली तार. तार तापली की वात वाफ सोडते. सगळी मेख त्या वातीत! तिनं द्रव प्यायचा, पण ओकायचा नाही. ओकली की खालच्या भोकातून थेंब बाहेर, खिसा ओला आणि गिऱ्हाईक लालबुंद. मी तिच्याखाली सिलिकॉनची कडी अशी बसवली होती, की थेंबाला बाहेर पडायला व्हिसा लागला असता!

व्हिसा मात्र माझाच टांगणीला लागला होता. कारण शुक्रवारी माझा मॅनेजर ग्रेग म्हणाला, "लहू, सोमवारी दहाला गिऱ्हाईक येतंय. अठ्ठेचाळीस तास हे खिशात घाल आणि नेहमीसारखा जग. एक थेंब जरी गळला, तर प्रोजेक्ट बंद."

प्रोजेक्ट बंद म्हणजे मी बंद. मी बंद म्हणजे व्हिसाच्या नियमानं साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधा, नाहीतर लेकीची, आन्याची, सातवी अर्ध्यात सोडून, ट्रॉयमधलं घर गुंडाळून नागपूर गाठा!

टाकीत निकोटिन नव्हतं. चाचणीचा साधा द्रव होता, थेंब दिसावा म्हणून गडद निळा रंगवलेला. शनिवारी सकाळी दहाला ते यंत्र शर्टाच्या खिशात गेलं आणि माझं नेहमीसारखं जगणं संपलं. मी शिंक दाबली. बुटांची नाडी आन्याकडून बांधून घेतली. रात्री खुर्चीत बसून झोपलो. दर पाव तासाला खिशात टिश्यू घालून बघायचं आणि मनातल्या मनात जात्यावर बसल्यासारखं गुणगुणायचं,

थांब थांब रे थेंबा, नको येऊस दारात
माझ्या संसाराचा दिवा तुझ्या इवल्या घरात!

"पोटुशी बाई बरी तुझ्यापेक्षा!" जागृती म्हणाली. "ती निदान वाकते तरी!"

रविवारी संघमित्रामावशींच्या घरी बुद्धवंदना होती. मावशी हृदयाच्या डॉक्टर. आता निवृत्त, पण इथल्या आम्हा सगळ्यांच्या छातीवर अजून त्यांचंच राज्य. माझी नोकरी कसली, असं त्यांनी विचारलं होतं तेव्हा मी "वाफेच्या औषधी यंत्रांची" असं सांगून ठेवलेलं. औषधी हा शब्द जरा सैलच होता.

"ते इथंच ठेव," निघताना दारात जागृती म्हणाली. "पंचशील घ्यायला चाललास आणि खिशात वेप?"

"अगं, रिकामं आहे. म्हणजे निळं आहे. म्हणजे नशा नाहीये त्यात!"

"हे मावशींना सांगशील का?"

मी गाडी सुरू केली.

बाहेर बर्फ, उणे बारा. आणि मावशींच्या घरात हीटर असा, की खिडकीतला मोगरा फेब्रुवारीत फुललेला! थंडीतून उबेत आलं की टाकीतली हवा फुगते. फुगली की द्रवाला ढकलते. मी टिश्यू घातला. कोरडा! पुन्हा घातला. कोरडा!

हॉलमध्ये पंधरा-वीस मंडळी, सगळी पांढऱ्या कपड्यांत. वेचणीला आलेलं कापसाचं शेतच जणू कोणी बर्फाच्या देशात आणून अंथरलेलं. मंद उदबत्ती, बुद्धमूर्तीपुढे निशिगंध. मन निवळत चाललं होतं, तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, की आता त्रिवार पंचांग प्रणाम! गुडघे, तळहात, कपाळ जमिनीला!

उभं ठेवून, आडवं ठेवून, हलवून, थरथरवून, सगळ्या चाचण्या मी केल्या होत्या. प्रणाम? प्रणामाची चाचणी आमच्या कागदावर नव्हतीच!

पहिला प्रणाम. खिशाला हात. कोरडा. दुसरा. कोरडा. मला वाटलं, जिंकलो! तिसऱ्याला कपाळ टेकलं, उठलो आणि डाव्या बाजूला बर्फाच्या बोटानं कोणीतरी हळूच स्पर्श केला.

"बाबा," शेजारून आन्या कुजबुजली, "यू आर लीकिंग!"

"श्श!" मी ओठांवर बोट ठेवलं. तेच बोट, जे नुकतं खिशात घालून आलो होतो!

पंचशील सुरू झालं. मी डावा हात छातीवर घट्ट दाबून धरला. चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही. माझा आवाज चिरकला. पाचवं आलं, नशेपासून दूर राहीन. मला दरदरून घाम फुटला. सोमवार, ग्रेग, साठ दिवस, नागपूर, सगळं डोळ्यांपुढून सरकायला लागलं. आणि पुढून मावशींनी मान वळवली.

छातीवर हात. घाम. आवाज चिरकलेला. आणि ओठ निळे!

"थांबा!" मावशी गरजल्या. "लहू! डाव्या हातात कळ येतेय?"

"नाही मावशी, मी ठीक..."

"बोलू नकोस! राकेश, आडवं कर त्याला!"

राकेश गाड्यांच्या कारखान्यात रोबो बसवतो. त्यानं मला एखाद्या सुट्या भागासारखं उचलून गालिच्यावर ठेवलं. "भाऊ, घाबरू नका! नाईन वन वन लावू का, मावशी?"

"लाव! जागृती, याला ॲस्पिरिन चावायला दे. ओठ बघ कसे झालेत, ऑक्सिजन पोचत नाहीये!"

"मावशी," जागृती शांतपणे म्हणाली, "त्याला काहीही झालेलं नाही."

"धक्का बसलाय पोरीला," कोणीतरी हळहळलं. "मान्यच करत नाहीये."

मी उठायला गेलो, राकेशनं दाबलं. दाबल्यावर खिशातनं आणखी गळलं! पांढऱ्या शर्टावर निळं तळं पसरत गेलं. मावशींनी बटणं तोडून शर्ट उघडला आणि ते चिमुकलं यंत्र टुणकन उडून त्यांच्या मांडीवर पडलं.

हॉलमध्ये उदबत्तीची राख पडली असती तरी ऐकू आली असती.

"हे काय?"

जिभेवर उत्तर तयार होतं, दम्याचा पंप! पण शील घेऊन पुरती दोन मिनिटं झाली नव्हती. मी आडव्यानंच म्हणालो, "वेप आहे, मावशी. मी हेच बनवतो. ओढत नाही. गळू नये एवढंच बघतो."

"आणि गळलं."

"गळलं." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते मोठ्यानं म्हटलं आणि माझे डोळे भरून आले. "उद्या नोकरी जाईल, मावशी. आन्याची शाळा..."

राकेशनं लावायचा राहिलेला फोन खाली ठेवला. मावशींनी माझ्या अंगावर शाल टाकली, यंत्र प्रकाशात धरलं, वास घेतला, नाक मुरडलं.

"माणसांची फुप्फुसं बिघडवणारी वस्तू नीट बनवायला मी मदत करणार नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पण मला सांग, माझं शाईपेन चाळीस वर्षं खिशात आहे. दिवसातनं शंभरदा पेशंटवर ओणवी व्हायचे. ते काहून गळलं नाही रे?"

मी ताडकन उठून बसलो! पेन मागून घेतलं, निब काढली. तिच्या जिभेखाली माशाच्या कल्ल्यांसारख्या बारीक बारीक खाचा. चुकार थेंब आला तर त्यांत अडकून बसायचा, बाहेर यायचा नाही! आणि मी आपला नुसती कडी घट्ट करत बसलो होतो. थेंबाला कोंडायचं नसतं, त्याला बसायला जागा द्यायची असते!

"खीर खाऊन जा," मावशी म्हणाल्या. "आणि बरा व्यवसाय बघ एखादा."

सोमवारी मी ग्रेगपुढे निळा शर्ट ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यानं डाग उजेडाकडे धरून पाहिला. माझ्या कानात विमानाचा आवाज घुमायला लागला.

"तिसऱ्याला गळलं? दोनला नाही?"

"तिसऱ्याला."

"दाखव."

मी मीटिंग रूमच्या कार्पेटवर तीनदा वाकून दाखवलं. तिसऱ्याला थेंब पडला! ग्रेग खुर्चीतून उठलाच. लोक नाडी बांधतात, बागेत खुरपतात, योगा करतात. हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. खाचांचं चित्र बघून गिऱ्हाइकानं तीन आठवड्यांची मुदत दिली. प्रोजेक्ट चालू राहिला आणि चाचण्यांच्या यादीत नवी ओळ आली, 'तीन वेळा पूर्ण वाकणे'.

करून कोण दाखवणार? ज्याला येतं तो! दर शुक्रवारी दहा नमुने, प्रत्येकाला तीनदा. काचेच्या खोलीत ग्रेग खुर्चीत वही घेऊन बसतो आणि मी त्याच्या समोर कपाळ टेकून तीसदा वाकतो.

गेल्या शुक्रवारी एचआरच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ. "लहू, मोकळेपणानं सांग. हे तू स्वतःहून करतोस, की ग्रेग करायला लावतो?"

मी म्हणालो, "ग्रेगच करायला लावतो. थेंब पडेपर्यंत!"

तर माझी नोकरी वाचली. ग्रेगचं काही सांगता येत नाही.