बाक हलतो

“लोकांच्या तक्रारी पडून राहतात, कारण लोकांना धड लिहिता येत नाही,” असं काना-मात्रांनी बायकोला ऐकवलं आणि मोबाइल हातात घेतला. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेला हा माणूस दुकानाच्या पाटीवरची वेलांटीही सुधारायला जायचा, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं होतं.

प्रश्न एका बाकाचा होता. बायकोची धाकटी बहीण पुढच्या चौकात राहायची, अंथरुणाला खिळलेली. तिची वेणी घालायला बायको रोज जायची. बायकोचे गुडघे असे, की अर्ध्या वाटेत बसल्याशिवाय पुढे पाऊल पडत नसे, आणि अर्ध्या वाटेत पालिकेचा एकच बाक होता. त्याचा एक पाय निखळायला आला होता. तो मोडला, की बहिणीकडे जाणं संपलंच.

पालिकेच्या तक्रारींच्या अ‍ॅपमध्ये खड्डे होते, दिवे होते, मेलेली जनावरं होती. बाक नव्हता. काना-मात्रांनी ‘इतर’ निवडलं. बाक पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, यात पंधरा मिनिटं गेली. शेवटी फोटो जोडून त्यांनी लिहिलं, ‘बाक हलतो. त्वरित कार्यवाही व्हावी.’

“एवढंच?” बायको म्हणाली. “पाय दुरुस्त करा, असं लिहा की.”

“सुज्ञास अधिक सांगणे न लगे.”

तिसऱ्याच दिवशी निरोप आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ काना-मात्रा ताठ मानेने बायकोला घेऊन निघाले. अर्ध्या वाटेत पोचले, तर बाकाच्या जागी फरशीत चार भोकं होती. बायको एका बंद दुकानाच्या पायरीवर कशीबशी टेकली आणि तिथूनच घरी परतली.

काना-मात्रांनी पालिकेची खिडकी गाठली. आतल्या कारकूनबाईंनी शांतपणे तक्रार वाचली.

“बाक हलतो, असं तुम्हीच लिहिलंत ना? आमच्या माणसांनी हात लावून पाहिला. हलला. मग हलवला.”

“अहो, हलतो म्हणजे डुगडुगतो!”

“मग डुगडुगतो लिहायचं. आता बाक गोदामात गेलाय. नवी तक्रार टाका.”

पस्तीस वर्षांत त्यांची चूक कोणी काढली नव्हती. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. सकाळी उठून त्यांनी लिहिलं, ‘बाकाची जागा रिकामी आहे. ती तातडीने भरावी.’

चार दिवसांत जागा भरली. तिथे कचरापेटी आली, चांगली पुरुषभर उंच. सोबत निरोप होता, ‘आमच्या सेवेला किती तारे द्याल?’

तोवर बहिणीचे फोन येतच होते. आधी “उद्या येशील ना?” मग “गुंता झालाय गं.” अकराव्या दिवशी तिने सांगितलं, की शेजारणीला बोलावून केस कापून घेतले, आता काही त्रास नाही. बायकोने फोन ठेवला आणि हातातला कंगवा फडताळात टाकला.

“तुमचं शुद्धलेखन चाटायचंय का मी?” ती म्हणाली. काना-मात्रांना फार वाईट वाटलं, पण ते कुठल्या शब्दांत सांगावं हे कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची घडीची खुर्ची पुसली, खांद्याला अडकवली आणि म्हणाले, “चल. वेणी नाही तर नाही, भेटून तरी ये.”

अर्ध्या वाटेत, कचरापेटीला लागून, त्यांनी खुर्ची उघडली. बायको हळूच बसली. जरा टेकते न टेकते तोच तिने खुर्चीची कड घट्ट धरली.

“अहो, ही पण हलते.”

काना-मात्रांनी आधी मोबाइल खिशात खोल सारला, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं.

“हळू बोल,” ते म्हणाले, आणि खुर्चीचा पाय धरून खालीच बसले.